घरची गाडी आणि तिचा ब्रेक



गेल्या पावसाळ्यात आपल्या शाळेतील एका मुलाने आपली जुनी सायकल स्वतःच्या हाताने नवी केली. त्याने तिला रंग दिला, वाकडे चाक आऱ्या आवळून सरळ केले, मडगार्ड उतरविले आणि पुढच्या ब्रेकची सळई दिसायला बरी नाही म्हणून तीही काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी तापीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर समोर म्हैस आडवी आली. मागचा ब्रेक पावसाने भिजलेला होता, तो लागेना. मुलाने अंग बाजूस टाकले आणि कोपर सोलण्यावर निभावले. त्याला रागे भरण्याचे काम माझ्याकडे आले. परंतु ते सरळ केलेले चाक फिरवून पाहिले आणि रागावण्याचे धैर्य होईना. ज्या हाताला इतके साधले, त्याने नेमका ब्रेकच का काढावा? या प्रश्नातून हा लेख जन्मास आला.

घरच्या घरी वाहन घडविण्याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रात गाजले. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील श्री. दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुटे भाग जमवून सुमारे 60,000 रुपयांत एक लहानशी जीप तयार केली. तिचे सुकाणूचाक डाव्या बाजूस होते आणि ती मोटारसायकलीप्रमाणे किक मारून चालू होत असे. डिसेंबर 2021 मध्ये तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. उद्योगपती श्री. आनंद महिंद्र यांनी या कल्पकतेचे मनापासून कौतुक केले. त्याचबरोबर ही गाडी नियमांत बसत नाही, तेव्हा आज ना उद्या अधिकारी ती अडवतील, हेही स्पष्ट सांगितले. तिच्या मोबदल्यात नवी बोलेरो देऊन ती आपल्या संशोधन केंद्रात ठेवण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली. जानेवारी 2022 मध्ये हा बदल पार पडला. थोड्या साधनांत अधिक काम कसे साधते, हे कारखान्यातील जाणकारांनी त्या गाडीकडे पाहून शिकावे, असा त्यातील हेतू होता.

अशी गाडी घडविताना कारागिरापुढे कोणते प्रश्न उभे राहतात, याचा थोडा विचार करू.

पहिला प्रश्न वळणाचा. मोटारसायकलीचे इंजिन एकाच मागच्या चाकाला फिरविते. चार चाकांच्या गाडीत मागे दोन चाके येतात आणि गाडी वळली की बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर तोडावे लागते. समजा दोन चाकांत 1 मीटर अंतर आहे आणि गाडीने एक पूर्ण फेरी घेतली. वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या 2π पट असतो. म्हणून बाहेरचे चाक सुमारे 6.28 मीटर जास्त चालते. फेरी लहान असो की मोठी, हा फरक तेवढाच राहतो! दोन्ही चाके एकाच धुऱ्याला घट्ट बांधली, तर त्यांपैकी एकाला रस्त्यावर घासतच जावे लागेल. हा घोटाळा टाळण्यासाठी मोटारीच्या मागच्या धुऱ्यात दातेरी चक्रांचा एक जुडगा बसविलेला असतो, त्यास डिफरन्शियल म्हणतात. तो दोन्ही चाकांना बळ देतो आणि वेगवेगळ्या गतीने फिरण्याची मोकळीकही देतो. आपल्या रोजच्या ऑटोरिक्षातही तो असतो.

दुसरा प्रश्न मागे येण्याचा. सामान्य मोटारसायकलीला रिव्हर्स गिअर नसतो. ती पायाने मागे ढकलता येते. जीप तशी ढकलत बसणे शक्य नाही. तेव्हा त्याची सोय निराळी करावी लागते.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न थांबण्याचा. धावत्या वस्तूची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 18 किलोमीटर वेगाची सायकल ब्रेक दाबल्यावर 5 मीटरांत थांबत असेल, तर ताशी 36 किलोमीटर वेगाला तोच ब्रेक 20 मीटर घेईल. वेग दुप्पट, अंतर चौपट. शिवाय ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून पुढचा ब्रेक अधिक परिणामकारक ठरतो. आमच्या मित्राने नेमका तोच काढून टाकला होता. आता त्याच्या कोपराचे गणित तुमच्या ध्यानात येईल.

याच कारणास्तव कायदा येथे लक्ष घालतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम नोंदणी झालेल्या गाडीत मनास येईल तसा फेरफार करू देत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. हा जाच आहे, असे काहींना वाटते. परंतु रस्ता एकट्या चालकाचा नसतो. आपल्या प्रयोगाची किंमत समोरून येणाऱ्या परक्या माणसाने का द्यावी?

मग घरच्या कारागिराने हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर (1869–1956) मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान घातले. त्या दुकानापासून पुढे लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला. लोखंडाने जमीन नासेल, अशी तेव्हा अनेक शेतकऱ्यांची समजूत होती; तरी नांगराने आपले काम करून दाखविले. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. योगायोग असा, की तीही आज सांगली जिल्ह्यातच आहे. सायकलीपासून नांगरापर्यंतच्या या वाटेवर एक गोष्ट बदलत गेली: स्वतःसाठी जुळविलेली वस्तू बिघडली तर आपणच सोसतो, दुसऱ्याच्या हाती दिलेल्या वस्तूच्या प्रत्येक खिळ्याची जबाबदारी आपल्यावर येते.

आपले बऱ्हाणपूर हे मागांचे शहर. मागाचा बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखणारी माणसे तुमच्या घरात, शेजारी असतील. त्यांच्याजवळ बसा, विचारा, हात काळे करून घ्या. जुने यंत्र उघडा. मात्र उघडण्यापूर्वी त्याचे चित्र काढा आणि निघालेला प्रत्येक भाग कशासाठी होता, हे वहीत लिहा. ज्याचे उत्तर लिहिता येत नाही, तो भाग फेकू नका.

करून पाहा
1. सायकलीच्या पुढच्या व मागच्या चक्राचे दाते मोजा. पुढे 44 व मागे 22 असतील, तर पायडलाच्या एका फेरीत चाक किती वेळा फिरेल?
2. मोकळ्या मैदानात एकाच वेगाने कोरड्या व ओल्या ब्रेकने थांबण्याचे अंतर मोजून तुलना करा. शिक्षक जवळ असू द्या.
3. रिकाम्या ऑटोरिक्षाच्या चालकाची परवानगी घेऊन ती वळताना मागची दोन्ही चाके न्याहाळा.

तो मुलगा आता बरा आहे. ब्रेकची सळई त्याने पुन्हा बसविली असून तिलाही रंग दिला आहे. सायकल पूर्वीपेक्षा अधिक सुंदर दिसते, असे माझे प्रामाणिक मत आहे.