नळी धुवायला पाणीच बरं

आमच्या कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणारे अजून बरेच आहेत. रेशनचं रॉकेल मिळेनासं झालं, तसे लोक नळी साफ करायला पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन, हाताला लागेल ते एकत्र करू लागले.

माझ्या चुलतभावाने असंच मिश्रण वाडग्यात ओतून पडवीत चिंध्या भिजत घातल्या होत्या. न्हाणीची चूल चार-पाच हातांवर, विस्तव जवळजवळ विझलेला. मी उंबऱ्यातच होतो. चुलीकडून निळसर जाळ जमिनीलगत सरपटत आला आणि वाडगा पेटला. ओलं गोणपाट टाकून विझवला, पण तोवर त्याच्या मनगटापर्यंत फोड आले होते.

या वाफा हवेपेक्षा जड. त्या वर न जाता जमिनीवरून पसरतात, विस्तवाला भेटतात आणि आग मागे घेऊन येतात. रॉकेलची पेट घेण्याजोगी वाफ साधारण 38 अंशांच्या पुढे होते. अ‍ॅसिटोनची उणे 20 ला, पेट्रोलची उणे 40 च्याही खाली. म्हणजे आपल्याकडे थंडीतसुद्धा ती तयारच असते.

राग याचा येतो, की एवढं करून नळी साफ होतच नाही. काळी दारू जळाल्यावर निम्म्याहून अधिक भाग घन राख म्हणून उरतो. त्यातले क्षार हवेतली ओल ओढून नळी गंजवतात. ते पाण्यात विरघळतात, पेट्रोलमध्ये नाही. जुनी माणसं गरम पाणी ओतायची ती उगाच नाही.

आधी केप काढा. गज आत घालून बाहेरून मापून बघा, बार भरलेला नाही ना. मग निपल काढून गरम साबणाचं पाणी, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत. नळी पुरती कोरडी करा, मग तेलाचा हात.

काडतुसाच्या बंदुकीची गोष्ट वेगळी, तिथे द्रावक लागतो. अमेरिकेत एड हॅरिस यांचं ‘एड्स रेड’ हे घरगुती मिश्रण प्रसिद्ध आहे. पण बंद जागेत वापरायचं तर अ‍ॅसिटोन वगळा, असं त्यांनीच सांगितलंय. व्हिडिओ बघणाऱ्यांच्या कानावर तेवढंच जात नाही. शिसं काढायला व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तर नकोच. त्यातून शिशाचा पाण्यात विरघळणारा विषारी क्षार बनतो. आणि काहीही असो, ते थंड पेयाच्या बाटलीत भरू नका. घरात पोरं असतात.

निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करताना नळीला तेल जरा जास्तच लावावं. परत आणल्यावर मात्र ते निपलच्या भोकातूनही पुसून काढा, नाहीतर दारू तेलकट होते. केप फुटूनही बार उडाला नाही, तर नळीचं तोंड मोकळ्या दिशेला धरून निदान मिनिटभर थांबा. कधी कधी तो उशिरा उडतो.