अळूने मान टाकली? आधी मातीत बोट घाला

मैत्रिणींनो, परसबागेचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो. "अहो ताई, अळूला दोन वेळा पाणी घालते, तरी पानं लोंबतातच. काय करू?"

अळू, केळ, कर्दळ ही पाण्याची झाडं. म्हणूनच पान लोंबलं की आपला हात आधी कळशीकडे जातो. पण पान दोन उलट कारणांनी लोंबतं. मुळांना पाणी कमी पडलं तरी लोंबतं, आणि पाणी जास्त होऊन मुळं कुजली तरी लोंबतं. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, मग झाड पाण्यात उभं राहून तहानलेलंच राहतं. वरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून पाणी घालण्याआधी एवढं तपासा.

१. वेळ बघा
अळूचं पान मोठं, त्यातून उन्हात भरपूर पाणी उडून जातं. दुपारी पान खाली आलं आणि संध्याकाळी किंवा सकाळी परत उभं राहिलं, तर काळजी नको. दुपारी पाणी ओतत बसू नका, सकाळीच घाला. बुडाशी पालापाचोळा पसरा. जमलं तर केळीच्या किंवा शेवग्याच्या सावलीत लावा. सकाळीही पान लोंबलेलंच असेल, तर पुढे बघा.

२. बोट घाला
दोन पेरं बोट मातीत घाला. आत कोरडं लागलं तर झाडाला तहान लागली आहे. वरवर शिंपडून भागत नाही, पाणी मुळापर्यंत गेलं पाहिजे. गोणीतली किंवा डब्यातली माती फार सुकली की कडा सोडते आणि घातलेलं पाणी कडेने खाली निघून जातं. अशा वेळी माती वरून हलकी मोकळी करा आणि थोडं थोडं पाणी ३-४ वेळा घाला.

३. माती ओली आहे, तरी पान लोंबतंय?
पाणी लगेच थांबवा. कडेची माती सारून मुळं बघा. चांगलं मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं मूळ तपकिरी, बुळबुळीत होतं आणि त्याला घाण वास येतो. कंदही दाबून बघा. मऊ लागला तर कूज आत शिरली आहे.

कुणी म्हणेल, अळू तर ओढ्याच्या काठी पाण्यातच वाढतो की! खरं आहे. पण वाहत्या पाण्यात हवा मिसळलेली असते. न्हाणीच्या मागे साचून आंबलेल्या कोमट पाण्यात हवा उरत नाही, तिथे कूज लवकर धरते. म्हणून वाफ्याला चर काढून द्या, पाणी पुढे सरकलं पाहिजे. डब्याच्या बुडाला भोकं हवीतच. कुजलेला गड्डा उपटून लांब टाका, खतखड्ड्यात टाकू नका. त्या जागी लगेच परत अळू लावू नका.

४. पाणी कसलं आहे?
न्हाणीचं, भांड्यांचं पाणी अळूला सोडायची आपली जुनी पद्धत. पण कपड्यांचा सोडा आणि साबण रोज रोज मातीत गेला तर क्षार साचतात. मातीवर पांढरा थर येतो, पानांच्या कडा करपतात. असं दिसलं तर पहिलं फेसाचं पाणी दुसरीकडे काढा, खळबळल्याचं पाणी अळूला सोडा. मधून मधून साधं पाणी भरपूर द्या. ताजं शेण बुडाशी टाकू नका, कुजलेलं शेणखतच घाला.

५. पान उलटून बघा
उन्हाळ्यात पानाखाली बारीक जाळी आणि पानावर पिवळे ठिपके दिसले तर तो लाल कोळी. पानाच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारा. पावसाळ्यात तपकिरी गोल डाग वाढत गेले तर तो करपा. डागाळलेली पानं काढून लांब टाका. पानं आपण खातो आणि विकतो, म्हणून दुकानातून आणलेलं कसलंही औषध विचारल्याशिवाय मारू नका.

सगळ्यात खालचं एखादं जुनं पान पिवळं होऊन लोंबलं तर तो रोग नव्हे, त्याचं वय झालं. नवीन लावलेलं रोपही काही दिवस मान टाकतं. त्याला सावली द्या, सावरेल.

गटासाठी एक महत्त्वाची गोष्ट
श्रावणात अळूवडीला आणि ऋषिपंचमीच्या भाजीला पानांची मागणी असते. तेव्हा वाफा बसला तर हातातली विक्री गेलीच, शिवाय पुढच्या लागवडीची पिल्लंही गेली. आपण पिल्लं एकमेकींना देतो, ही चांगलीच रीत आहे. पण कुजलेल्या गड्ड्याचं पिल्लू दिलं तर त्याच्यासोबत रोगही दहा अंगणांत जातो. म्हणून देणारीने आणि घेणारीने, दोघींनी कंद दाबून बघावा. टणक असेल तरच लावावा.

या महिन्याच्या बैठकीआधी प्रत्येकीने आपल्या वाफ्यात बोट घालून बघा आणि काय आढळलं ते बैठकीत सांगा. कुणाचा वाफा कोरडा निघेल, कुणाचा चिखल. दोघींचा उपाय वेगळा आहे.