उरलेल्या पोळीचा हिशेब

अगं, जिमची फी ऐकून तू गप्प झालीस ते बरंच झालं. तेवढ्या पैशांत घरात महिन्याचं कडधान्य आणि अंडी येतील, आणि तुला जास्त गरज त्याचीच आहे. आता रागावू नकोस, पण स्पष्ट सांगते. आपल्यासारख्या घरांत बाईचं वजन चैनीनं वाढत नाही, काटकसरीनं वाढतं.

कसं ते बघ. धाकट्यानं अर्धी टाकलेली पोळी तू उचलतेस. कढईत दोन घास भाजी राहते, तेवढ्यासाठी आणखी एक भांडं कुठं खरकटं करा, म्हणून ती उभ्याउभ्याच तोंडात. सकाळचा भात रात्री फोडणीला पडतो, तो कुणाला नको असतो, म्हणजे तो तुझा. सगळ्यांचं आटोपल्यावर साडेदहाला तू पान घेतेस, तोवर भूक मरून गेलेली असते आणि तरी तू जेवतेस, कारण उरलंय. यातलं काहीही तुला खाल्ल्यासारखं आठवत नाही. मग तू म्हणतेस, "ताई, मी तर काहीच खात नाही गं."

तेल लावलेली एक पोळी म्हणजे शंभरेक कॅलरी. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. रोज ती एक पोळी गरजेपेक्षा जास्त गेली, तर कागदावरच्या हिशेबानं वर्षाला चार किलोच्या वर भर पडते. शरीर थोडं जुळवून घेतं म्हणून प्रत्यक्षात तेवढी पडत नाही, पण काटा सरकतो तो त्याच बाजूला. तेव्हा पहिलं काम म्हणजे विचारून आणि मोजून शिजव. कुणाला किती पोळ्या हव्यात हे कणीक मळायच्या आधी विचार. तरी उरल्याच, तर झाकून ठेव आणि सकाळी फोडणीची पोळी करून सगळ्यांना न्याहारीला दे. अन्न टाकू नये हे आईनं शिकवलं ते खरंच आहे, पण म्हणून तुझं पोट हा घरातला कचऱ्याचा डबा नाही.

आता तेलाचं. पाच लिटरचा डबा फोडशील त्या दिवशी त्याच्यावर तारीख लिही. चार माणसांच्या घरात तो महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज चाळीस मिलीच्या आसपास तेल पोटात जातंय, म्हणजे साडेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. तोच डबा दीड महिना पुरला पाहिजे. त्यासाठी उकडलेलं खायची गरज नाही. कढईत बुधलीनं ओतणं बंद कर, चहाच्या चमच्यानं मोजून घाल. तळण आठवड्यातून एकदा. चवीत कुणाला फरक कळला तर मला सांग.

साखरेचंही तेच. दिवसाला चार कप चहा, कपाला दोन चमचे, की झाली चाळीस ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. एकदम बंद करू नकोस, चार दिवसांनी चिडचिड करत परत सुरू करशील. दर आठवड्याला पाव चमचा कमी कर. गुळाचा चहा करून मनाची समजूत घालू नकोस, या हिशेबात गूळही साखरच.

तुझ्या ताटाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. हात आखडता असला की ताट पोळी-भातानं भरतं. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, कडधान्याला मात्र खिशात हात घालावा लागतो, त्यामुळे पातळ आमटी आणि भाताचा डोंगर हीच आपली सवय. असं जेवून दोन तासांत पुन्हा भूक लागते आणि हात फरसाणाच्या डब्यात जातो. उलट कर. आधी घट्ट वरण किंवा वाटीभर उसळ, मग भाजी-कोशिंबीर, आणि शेवटी दोन पोळ्या किंवा एक भाकरी. मटकी, मूग, चवळी, हरभरा यांत कोरड्या शंभर ग्रॅमला वीस ते चोवीस ग्रॅम प्रथिनं असतात. एका अंड्यात सहा. मासे चालत असतील तर सुकट-जवळा घे, मूठभरात भाजीला चव आणि अंगाला प्रथिनं. शेंगदाणे स्वस्त आणि चांगले, पण मूठभरच, त्यांत निम्मं तेलच असतं. ओट्स, ग्रीन टी, पावडरचे डबे, घाम काढणारे पट्टे यांच्यावर एक रुपया घालवू नकोस. पट्ट्यानं उतरतं ते पाणी, दोन तांबे पाणी प्यायलीस की परत आलं.

आणि ते उपास! सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी... श्रद्धेबद्दल मी काही म्हणत नाही, पण त्यानं वजन उतरेल या भ्रमात राहू नकोस. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचं कूट, वर तूप, बाजूला बटाट्याची भाजी. उपासाचा दिवस आपल्याकडे सगळ्यात जड असतो. करायचाच तर वरीचा भात थोडा, ताक, काकडी आणि एखादं फळ यावर कर.

"दिवसभर घरात राबते, आणखी व्यायाम कशाला?" हे तू म्हणणारच. घरकामानं दमायला होतं, पण दम लागत नाही. असं हाल की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, तो व्यायाम. आठवड्याला दीडशे मिनिटं एवढं पुरे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. चालणं फुकट आहे. पावसाळ्यात इमारतीचे जिने आहेत. पण चालून आल्यावर वडापाव खाऊ नकोस, अर्ध्या तासाच्या चालण्यानं त्यातला निम्माच काय तो जिरतो.

नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम हवा. एका सतरंजीएवढी जागा पुरते. खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं, दहा वेळा. भिंतीला तळवे लावून जोर काढायचे, दहा. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलायची, दहा. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली म्हणजे एक किलो, अशा दोन घेऊन हात डोक्यावर न्यायचे. हे सगळं तीनदा. जोडीला सूर्यनमस्कार. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते आपल्या संस्थानातल्या शाळांमधून रुजवले, आणि त्यांना एक पैशाचंही सामान लागत नाही. शेजारीण तयार असेल तर फुगडी घाल. मंगळागौरीला रात्रभर खेळणाऱ्या बायकांचा दम बघितलायस ना? बसफुगडी मात्र गुडघे दुखत असतील तर नको, आणि दोरीवरच्या उड्या खालच्या मजल्यावरचे झोपलेले असताना नकोत, भांडण नको बाई.

पैसे खर्च करायचेच तर दोन गोष्टींवर कर. चांगली, घट्ट बसणारी आतली चोळी आणि चालायचे बूट. सपातांवर चालून टाचा दुखायला लागल्या की सगळंच राहतं.

वजनकाटा विकत आणू नकोस. तुझ्या उंचीएवढी सुतळी काप, मधोमध दुमड, आणि कमरेभोवती धर. टोकं जुळली तर ठीक, नाही जुळली तर पोटावरची चरबी जास्त आहे असं समज. तीच सुतळी महिन्यातून एकदा लाव. कुठं काट्यावर उभी राहिलीसच, तर महिन्याला दोन किलो उतरणं म्हणजे उत्तम गती. पाळीच्या आधी किलो-दीड किलो पाणी साठतं, त्या आठवड्यात मापायचं नाही आणि रडायचंही नाही.

एक मात्र चालढकल करू नकोस. पाळी अनियमित असेल, केस गळत असतील, जिना चढताना धाप लागत असेल, तर सरकारी दवाखान्यात जाऊन थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घे. नुकतं बाळंतपण झालेलं असेल किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उड्या मारायच्या नाहीत.

आणि सासूबाई काय म्हणतील याची काळजी सोड. तेलाचा डबा दीड महिना पुरलेला दिसला की त्या काही म्हणणार नाहीत. आज रात्री फक्त एवढं कर, सगळ्यांच्या ताटांबरोबर स्वतःचंही ताट वाढून घे आणि त्यांच्या पंगतीला बैस. व्यायाम उद्या सकाळपासून.