गाळणीस ध्वनीचें साह्य

गुऱ्हाळावर उसाचा रस गाळतांना फडकें प्रथम झरझर गाळतें. पुढें त्यावर चोथा बसतो व धार बारीक होते. मग आपण फडकें हालवितों. मळीपासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांत हें हालविण्याचें काम ध्वनीकडून कसें करून घेतां येतें, हें आम्ही येथें सांगणार आहों.

आंबवणाच्या टाकींत यीस्ट साखरेचा मद्यार्क करितें. पण मद्यार्क फार वाढला कीं तेंच यीस्ट मंदावतें. म्हणून द्रव सतत बाहेर काढून यीस्ट आंत राखण्यासाठीं सूक्ष्म छिद्रांच्या पातळ पटलाची गाळणी लावतां येते. यीस्टची पेशी सुमारें ५ ते १० मायक्रॉन, तर छिद्रें त्याहून पुष्कळच लहान. यीस्ट आंत राहतें खरें, परंतु पटलावर थर धरून तें द्रवाची वाट अडवितें.

सेकंदास २०,००० कंपनांपलीकडील ध्वनि मनुष्यास ऐकूं येत नाहीं. तो द्रवांतून जातांना दाब घटून सूक्ष्म बुडबुडे निपजतात व दाब वाढतांच ते मिटतात. पटलाजवळ मिटणाऱ्या बुडबुड्यांतून द्रवाची बारीक पिचकारी सुटते आणि बसलेला थर सैल होतो. बुडबुड्यांच्या या क्रियेस कॅव्हिटेशन म्हणतात. तिचा अभ्यास दादरशेजारीं माटुंग्यास झालेला आहे. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठानें काढलेला रसायन-तंत्रशास्त्राचा विभाग १९४३ सालीं तेथें आला; आज ती स्वतंत्र संस्था असून प्रा. अनिरुद्ध पंडित यांनीं तेथें या विषयाचें दीर्घकाल संशोधन केलें आहे.

मात्र अति सर्वत्र वर्ज्य. ध्वनीचा जोर अधिक झाल्यास यीस्टच्या पेशी फुटतात, व त्यांतील चिकट द्रव्यानें गाळणी उलट अधिकच तुंबते. द्रव तापतो, पटल झिजतें, आणि वीज खर्च होते ती निराळीच. छिद्रांच्या आंत रुतलेला मळ ध्वनीनें सहसा निघत नाहीं. त्यास औषधी धुणेंच लागतें. म्हणून ध्वनि अखंड न देतां थांबून थांबून द्यावा, हें बरें.

आपणांपैकीं पुष्कळजण साखर कारखान्यांचे भागधारक आहेत. असें यंत्र घेण्याचा ठराव सभेपुढें आल्यास तीन गोष्टी अवश्य विचाराव्या: एका युनिट विजेंत किती द्रव अधिक गाळला जातो, दोन धुण्यांमधील दिवस किती वाढतात, आणि यीस्ट किती जिवंत राहतें. हीं उत्तरें प्रत्यक्ष आपल्याच मळीवर घेतलेल्या चांचणीचीं असावींत. कारण यंत्राचा पैसा अखेर उसाच्या दरांतूनच जावयाचा आहे.