बिदरीच्या काळ्या रंगात पाण्याचा वाटा

बीदर शहराला लागून असलेल्या मैलूर परिसरातील विद्यार्थ्यांस बिदरी कामाची नव्याने ओळख करून देण्याचे कारण नाही. काळ्याभोर धातूवर चांदीची वेलबुट्टी बसविण्याची ही कला बहामनी राजवटीपासून येथे चालत आली, असे परंपरा सांगते. येथील कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. परंतु नित्य पाहिलेल्या वस्तूविषयी प्रश्न विचारण्याचे आपल्याला सहसा सुचत नाही. एकच लेप साऱ्या भांड्यावर चोळला असता धातू काळा पडतो आणि चांदी मात्र पांढरीशुभ्र राहते, हे कसे? पुष्कळ लोक ‘किल्ल्यातील मातीचा गुण’ एवढ्यावर समाधान मानतात. आम्ही भाषेचे शिक्षक असलो तरी या उत्तरापाशी थांबू नये, असे आम्हांस वाटते.

प्रथम कृती पाहू. बिदरीचा धातू म्हणजे पुष्कळसे जस्त व थोडे तांबे यांचे संमिश्र होय. ओतीव भांडे घासून गुळगुळीत केल्यावर कारागीर त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवितो. त्याने पृष्ठभाग तात्पुरता काळवंडतो व नक्षीच्या रेषा स्पष्ट दिसतात. रेषा कोरून त्यांत चांदीची तार वा पत्रा ठोकून बसवितात. शेवटी भांडे किंचित तापवून किल्ल्यातील माती व नवसागर पाण्यात कालवून केलेला लेप त्यावर चोळतात. धातू कायमचा काळा होतो. मग तेलाचा हात फिरविला की झाले.

या दोन्ही काळेपणांच्या मुळाशी इलेक्ट्रॉनांची देवघेव आहे. काही धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतात, काही घट्ट धरून ठेवतात. रसायनशास्त्रज्ञ ही वृत्ती व्होल्टमध्ये मोजतात : जस्त उणे ०.७६, तांबे अधिक ०.३४, चांदी अधिक ०.८०. आकडा जितका खाली तितका धातू उदार. म्हणून जस्त आपले इलेक्ट्रॉन मोरचुदातील तांब्याच्या आयनांना देऊन टाकते व त्या तांब्याचा बारीक काळसर थर भांड्यावर बसतो. पुढे मातीच्या लेपातही जस्तच झिजते, पृष्ठभागी तांब्याचा अंश वाढतो आणि टिकाऊ काळा थर तयार होतो. संमिश्रात तांबे नसेल तर हा रंग साधत नाही. चांदी मात्र कृपणासारखी आपले इलेक्ट्रॉन राखून असते. म्हणून तिची कांती टिकते.

आता मुख्य प्रश्न : हा लेप पाण्यातच का कालवायचा? रॉकेलात का नाही? पाण्याच्या रेणूचे ऑक्सिजनकडील टोक किंचित ऋण व हायड्रोजनकडील टोक किंचित धन असते. यालाच ध्रुवीयता म्हणतात. मोरचूद पाण्यात पडताच ऋण टोके तांब्याच्या आयनाभोवती व धन टोके सल्फेटाभोवती गोळा होतात आणि दोघांची ताटातूट होते. निर्वात पोकळीच्या मानाने विरुद्ध भारांतील ओढ पाण्यात सुमारे ८० पट, अल्कोहोलात सुमारे २५ पट, तर रॉकेलात जेमतेम २ पट दुबळी होते. रॉकेलात मोरचूद विरघळतच नाही. मग इलेक्ट्रॉन घेण्यास जस्तापाशी येणार कोण?

कार्बनी रसायनातही हाच नियम निराळ्या रूपाने दिसतो. पायरीन व डायमिथाइल अ‍ॅनिलीन हे दोन पदार्थ हेक्झेनसारख्या अध्रुवीय विद्रावकात घेऊन प्रकाश टाकला, तर त्यांचे रेणू एकमेकांस बिलगून एक निराळाच प्रकाश देतात. अ‍ॅसिटोनायट्राइल या ध्रुवीय विद्रावकात मात्र इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जातो, दोन आयन विलग होतात आणि तो प्रकाश मावळतो. पदार्थ तेच, विद्रावक बदलला की परिणाम बदलला!

यावरून ‘ध्रुवीयता वाढली की क्रिया वेगाने होते’ असा सरसकट निष्कर्ष मात्र काढू नये. रुडॉल्फ मार्कस यांनी १९५६ पासून या विषयाचा सिद्धान्त मांडला व त्याबद्दल १९९२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचा आशय असा : इलेक्ट्रॉन अत्यंत हलका; तो निमिषात उडी घेतो. भोवतालचे रेणू जड. त्यांना वळायला वेळ व ऊर्जा लागते. भरल्या पंगतीत नवा पाहुणा बसवायचा तर आधी सर्वांनी सरकावे लागते, तसे विद्रावकाच्या रेणूंना आधी जागा जुळवावी लागते. ध्रुवीय विद्रावक आयनांना आधार देतो, पण हे सरकण्याचे मोलही अधिक घेतो. दोहोंचा हिशेब मांडल्यावरच वेग ठरतो.

विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली दोन परीक्षानळ्या घ्याव्यात. एकीत मोरचुदाचे पाणी, दुसरीत रॉकेल व मोरचुदाचे खडे घालून दोहोंत घासलेला लोखंडी खिळा सोडावा. पहिल्या खिळ्यावर तांबूस थर चढेल, दुसरा होता तसाच राहील. मोरचूद विषारी आहे. हात धुण्यास विसरू नये.

कारागिराने हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातांत जपले, शास्त्राने त्याला नावे दिली. नावे कळली म्हणून हातांची थोरवी कमी होत नाही. उलट, मातीतील कोणता क्षार काय करतो हे जाणणारा तरुण उद्या त्या कारागिराच्या उपयोगी पडेल. तो आपल्याच शाळेतून निघावा, ही आमची इच्छा.