मार्केटिंगची इंटर्नशिप आणि नागलीच्या पापडाचं पाकीट

तिसरं वर्ष लागलं की इंटर्नशिप शोधायची धावपळ सुरू होते. नव्या शैक्षणिक धोरणात तिला क्रेडिट्स असल्यामुळे ती आता केवळ हौस राहिलेली नाही. साहित्य शिकणाऱ्या आपल्यासमोर सगळ्यात जास्त येते ती मार्केटिंगची. 'कंटेंट लिहिता येतं का? मराठी-इंग्रजी दोन्ही जमतं का?' असं विचारलं की आपण लगेच हो म्हणतो. पण लिहायला बसण्याआधी काय समजून घ्यायचं, हे सहसा कोणी सांगत नाही. या लेखात तेवढंच एका उदाहरणावरून पाहू.

उदाहरण गलोंड्याचं घेऊ. गलोंडा हे दादरा-नगर हवेलीतलं, सिल्वासाकडचं गाव. २०११ च्या जनगणनेत या सगळ्या प्रदेशाची लोकसंख्या ३,४३,७०९ होती आणि त्यात निम्म्याहून अधिक लोक आदिवासी. वारली, कोकणा, धोडिया हे इथले मोठे समाज. कानावर वारली, कोकणी, गुजराती, मराठी, हिंदी अशा सगळ्या भाषा पडतात. सिल्वासाच्या आसपास धाग्याचे आणि प्लास्टिकचे कारखाने आहेत, त्यामुळे इथल्या मुलांना वाटतं की इंटर्नशिप दारातच मिळेल. अडचण अशी की बऱ्याच कंपन्यांचा माल इथे बनतो, पण तो कुठे, कसा, कोणत्या शब्दांत विकायचा हे मुंबईसारख्या शहरातल्या ऑफिसात ठरतं. म्हणून आपण कारखाना सोडू आणि एक छोटी वस्तू घेऊ. समजा, गलोंड्यातल्या बायकांचा एक बचत गट नागलीचे पापड करतो आणि तुम्ही त्यांच्याकडे मार्केटिंग शिकायला गेला आहात.

जेरोम मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकाने १९६० मध्ये मार्केटिंगचे चार भाग मांडले. ते 'चार पी' म्हणून ओळखले जातात: वस्तू, किंमत, ठिकाण आणि प्रसिद्धी. इंटर्नच्या हातात सहसा चौथाच भाग देतात: पोस्ट लिही, रील कर. पण पहिले तीन कळल्याशिवाय चौथा नीट करता येत नाही.

वस्तू

आपली वस्तू काय आहे? नागलीचा पापड. आता हेच धान्य मुंबईत 'नाचणी' होतं आणि दुकानातल्या चकचकीत पाकिटावर 'रागी'. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं, तेव्हापासून शहरात त्याला पुन्हा मान आला. मग पाकिटावर कोणता शब्द छापायचा? इथे साहित्याचा विद्यार्थी उपयोगी पडतो. 'नागली' ठेवलं तर गावची ओळख राहते, पण ठाण्यातल्या गिऱ्हाइकाला कळणार नाही. नुसतं 'रागी' केलं तर ज्यांनी पापड लाटले त्यांनाच आपलं पाकीट परकं वाटेल. 'नागली' मोठ्या अक्षरात आणि त्याखाली 'म्हणजेच नाचणी' हा एक मार्ग. तुम्हाला दुसरा सुचेल. पण तो त्या बायकांना विचारून ठरवायचा.

किंमत

हा भाग आपण भाषेची मुलं टाळतो. टाळू नका, कारण सगळ्यात महत्त्वाचा धडा इथेच आहे. समजा, २०० ग्रॅमचं पाकीट ६० रुपयांना विकलं जातं. दुकानदाराचे २५ टक्के म्हणजे १५ रुपये. पिशवी आणि लेबल ५, गाडीभाडं ४, पीठ-मीठ-मसाला १६. उरले २० रुपये. ही झाली पापड लाटणाऱ्या बायकांची मजुरी.

आता इंटर्न उत्साहाने सुचवतो, 'दिवाळीला २० टक्के सूट देऊ या!' किंमत झाली ४८. दुकानदाराचे १२. पिशवी, गाडी, पीठ यांचे २५ रुपये तेवढेच राहिले. उरले ११. म्हणजे गिऱ्हाइकाला सूट मिळाली २० टक्के, पण मजुरी २० वरून ११ वर आली, जवळजवळ निम्मी. पोस्टरवर 'धमाका ऑफर' लिहायला दोन मिनिटं लागतात. ती सूट कोणाच्या हातातून गेली, हे पोस्टरवर कुठेच दिसत नाही. सूट कधीच द्यायची नाही असं नाही. पण आधी हिशेब मांडायचा, आणि जिची मजुरी कमी होणार तिला तो दाखवायचा.

ठिकाण

आठवडी बाजारात विकायचं, सिल्वासातल्या दुकानात ठेवायचं की वापीहून मुंबईला पाठवायचं? बाजारात स्वतः बसलं तर दुकानदाराचे १५ रुपये वाचतात, पण एका बाईचा दिवस जातो. मुंबईला भाव चांगला मिळेल, पण प्रवासात पापड मोडतात. इंटर्नने निदान एक दिवस बाजारात बसून गिऱ्हाइकं काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून घ्यावं. पुढे जाहिरात लिहिताना ही वही कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त कामाला येते.

प्रसिद्धी

आता लिहायचं. 'मधुमेह बरा करणारा पापड' असं लिहिलं तर? बिलकूल नाही. खाद्यपदार्थाने आजार बरा होतो असा दावा करायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी मनाई आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बचत गटाचं अख्खं भांडवल त्यात जाईल. लेबलवर परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक आहे ना, हेही पाहायचं.

आणि चित्र? वारली समाजाची वस्तू म्हणून इंटरनेटवरून एक तारपा नाच उचलायचा आणि पाकिटावर चिकटवायचा, ही सवय वाईट. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. गावात चित्र काढणारं कोणी असेल तर त्यांच्याकडून काढून घ्या आणि त्याचे पैसे वर मांडलेल्या हिशेबात धरा.

आता तेच चार प्रश्न स्वतःच्या इंटर्नशिपला विचारा

वस्तू: मी नेमकं काय शिकणार? 'मार्केटिंग' म्हणून नातेवाइकांना फोन करून माल खपवायला लावणार असतील, तर ती फुकटची विक्री झाली. कामाचं स्वरूप लेखी मागा.

किंमत: एक क्रेडिट ३० तासांचं धरलं तर ४ क्रेडिट्सना १२० तास होतात. रोज ६ तास म्हणजे २० दिवस. येण्याजाण्याला रोज ८० रुपये लागले तर १,६०० रुपये घरातून गेले. विद्यावेतन किती, ते पहिल्याच दिवशी विचारा. त्यात लाज कसली? आणि काम देण्याआधी कोणी 'नोंदणी फी' मागितली तर तिथून सरळ परत या. एक गोष्ट लक्षात असू द्या: ३ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेत महिना ५,००० रुपये ठरले होते, पण ते २१ ते २४ वयाच्या आणि पूर्णवेळ शिक्षण चालू नसलेल्या मुलांसाठी. म्हणजे कॉलेज चालू असताना तिच्या भरवशावर राहता येत नव्हतं.

ठिकाण: काम कुठून करायचं? घरून असेल तर शिकवणारं कोण, आठवड्यातून किती वेळा भेटणार?

प्रसिद्धी: प्रमाणपत्रावर काय लिहिणार? मी लिहिलेला मजकूर माझं काम म्हणून दाखवता येईल का?

पापडाच्या हिशेबात मजुरी सगळ्यात शेवटी मोजली जाते, म्हणून सगळ्यात आधी कापली जाते. इंटर्नचंही तसंच होतं. कॉलेजने इंटर्नशिपला क्रेडिट देताना हे चार प्रश्न फॉर्मवरच छापले, तर गलोंड्याहून रोज बसने येणाऱ्या मुलीला ते एकटीने विचारावे लागणार नाहीत.

सरावासाठी: नागलीच्या पापडावर प्रत्येकी चाळीस शब्दांचे तीन मजकूर लिहा. एक गलोंड्यातल्या आजीसाठी, एक सिल्वासातल्या कारखान्यात काम करणाऱ्या परप्रांतीय कामगारासाठी, एक मुंबईतल्या गृहिणीसाठी. एकही खोटा दावा नको. मग तिन्ही मोठ्याने वाचा आणि कोणत्या मजकुरात पापड लाटणारी बाई दिसते ते तपासा.