खाऱ्या वाऱ्यातली गाडी : आधी तळ, मग तकाकी

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत करंजा बंदरावर गेलात, तर किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या बोटींभोवती खरवडण्याचा आवाज ऐकू येतो. तळाला चिकटलेले शिंपले काढायचे, फटी बुजवायच्या, तळाला रंग द्यायचा, हे सगळं आधी. नाळेवरचं नाव, फुलं आणि पताका अगदी शेवटी, नारळी पौर्णिमेच्या तोंडावर. ज्याचं पोट दर्यावर आहे त्याला ठाऊक असतं, की खारं पाणी बोट खालून खातं.

त्याच घराच्या अंगणातल्या चारचाकीची निगा मात्र आपण वरून सुरू करतो. बॉनेट आरशासारखं दिसलं की गाडी सांभाळली, असा आपला समज. त्या आरशासाठी पनवेल-नवी मुंबईकडे दहा-पंधरा हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत मोजून लोक सिरॅमिक कोटिंग करून आणतात. समुद्रालगत राहणाऱ्याला हा खर्च परवडण्यासारखा आहे का? आहे, पण यादीत तो तिसरा. पहिला तळ, दुसरं धुणं, तिसरं कोटिंग. खालची कृतीही त्याच क्रमाने दिली आहे.

खारी हवा करते काय?

रात्रभर अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवरून सकाळी बोट फिरवा. बोट चिकट होतं, आणि जिभेला लावलंत तर खारट लागतं. दुपारी समुद्रावरून सुटणारे खारे वारे हे मीठ आणून टाकतात.

या मिठाची एक खोड प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, म्हणून आपण त्यात तांदळाचे दाणे टाकतो. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला, की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच विरघळतं. किनाऱ्यावर पावसाळाभर हवा तशीच असते, आणि एरवीही पुष्कळ रात्री दमट जातात. त्यामुळे वरून गाडी कोरडी ठणठणीत दिसली, तरी दाराच्या खालच्या शिवणीत, मडगार्डच्या आत आणि सायलेन्सरच्या सांध्यावर मीठ ओलंच राहतं. गंज धरतो तो तिथे. बॉनेटवर तो सहसा धरत नाही. बंदराकडच्या ट्रेलरमागून येताना खडी लागून टवका उडाला आणि पत्रा उघडा पडला, तरच तिथून सुरुवात होते.

कोटिंग काय करतं, काय करत नाही?

सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिकायुक्त द्रव. तो रंगावर पातळ पसरतो, घट्ट होतो आणि रंगाला धरून राहतो. त्याची जाडी एक-दोन मायक्रॉनच. कंपनीतून आलेल्या गाडीचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, आणि त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. आपल्या डोक्यावरचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. केसाच्या पस्तिसाव्या ते सत्तराव्या हिश्श्याएवढा थर उडत्या खडीला अडवेल, अशी आशा धरू नये.

‘९एच’ हा शब्द जाहिरातीत हटकून असतो. ती पेन्सिलींच्या कठीणपणाची मोजपट्टी आहे: कोणत्या पेन्सिलीने ओरखडा उठतो, एवढंच ती सांगते. वाळूचा कण त्या पेन्सिलीपेक्षा कितीतरी कठीण असतो. मळक्या फडक्याने पुसलंत, तर कोटिंग केलेल्या गाडीवरही जाळीदार ओरखडे उठणारच. टवके अडवायचे असतील, तर त्यासाठी पीपीएफ नावाची जाड पारदर्शक फिल्म मिळते. ती दीड-दोनशे मायक्रॉनची असते आणि पूर्ण गाडीला लावायची तर कोटिंगच्या कितीतरी पट महाग पडते.

मग कोटिंगचा उपयोग काय? पाणी थेंब होऊन घरंगळतं. मीठ आणि चिखल घट्ट बसत नाहीत, त्यामुळे धुताना कमी घासावं लागतं. उन्हाने रंग मंदावणं लांबतं. कावळ्या-बगळ्यांची शीट रंगात उतरण्याआधी पुसायला थोडी सवड मिळते. किनाऱ्यावरच्या माणसाला गाडी वरचेवर धुवावी लागते, म्हणून हा फायदा खरा आहे.

साहित्य

दोन बादल्या, गाडीचा शाम्पू (कपड्यांची पावडर नको), सात-आठ स्वच्छ मायक्रोफायबर फडकी, आयर्न रिमूव्हर, क्ले बार, बारीक पॉलिश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, ३० मिलिलिटरची कोटिंगची बाटली, तिच्याबरोबर येणारा स्पंजचा ठोकळा आणि चौकोनी कापड, रबरी हातमोजे, मास्क आणि एक चांगली बॅटरी.

मुहूर्त

दिवाळी ते होळी. पावसाळ्यात हे काम काढू नये. पुष्कळशी कोटिंग हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतात. दमट हवेत ती पुसायच्या आत आवळतात आणि डाग राहतात. हिवाळ्यात दव पडतं, म्हणून रात्री डोक्यावर छप्पर हवंच. अंगण उघडं असेल, तर एका रात्रीपुरता कुणाचा तरी गाळा मागून घ्या. गाडी नुकतीच रंगवून आणली असेल, तर निदान महिनाभर थांबा.

कृती

१. तळ धुवा. गाडी वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवून खालून गोड्या पाण्याचा जोरदार फवारा मारून घ्या. चारही मडगार्डच्या आतली माती निघाली पाहिजे. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला भोकं असतात. ती मातीने बुजली असतील, तर काडीने मोकळी करा. दार हलवल्यावर आतून पाणी डचमळल्याचा आवाज येत असेल, तर गंजाची तयारी सुरू झाली म्हणून समजा.

२. तळ बघा. पूर्ण सुकल्यावर बॅटरी घेऊन खाली वाका. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, त्यावर गंजरोधक प्रायमर द्या आणि मग अंडरबॉडी कोटिंग करून घ्या. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर काळा थर फासून घेऊ नका. ओल आत कोंडते आणि गंज झाकलेला राहून वाढतो. काम चालू असताना स्वतः उभे राहा. सायलेन्सर, ब्रेक आणि दाराची ती भोकं यांवर फवारा जाता कामा नये.

३. टवके भरा. बॉनेटची पुढची कड, दारांच्या कडा आणि चाकांमागचा भाग नीट तपासा. पत्रा दिसत असेल, तिथे कंपनीच्या रंगक्रमांकाची टचअप बाटली घेऊन बारीक काडीने रंग भरा. दोनशे-चारशे रुपयांचं हे काम पुढचा पत्रा बदलण्याचा खर्च वाचवतं.

४. दोन बादल्यांनी धुवा. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं गाडीवर फिरवलं की आधी साध्या पाण्यात पिळायचं, मगच शाम्पूत बुडवायचं. वरून खाली धुवत या. सावलीत, पत्रा गार असताना.

५. लोखंडाचे कण काढा. पांढऱ्या गाडीवर मोहरीपेक्षा बारीक तांबूस ठिपके दिसतात. ब्रेकमधून आणि रस्त्यावरून उडालेले ते लोखंडाचे कण, रंगात रुतलेले. आयर्न रिमूव्हर फवारला की ते जांभळे होऊन ओघळायला लागतात. तो अंगावर सुकू न देता भरपूर पाण्याने धुऊन टाका. डांबराचे डाग टार रिमूव्हरने काढा आणि पुन्हा शाम्पूने धुवा.

६. पिशवीने चाचपा. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि धुतलेल्या बॉनेटवरून बोटं अलगद फिरवा. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा पत्रा बोटांना खरखरीत लागेल. जिथे खरखर, तिथे शाम्पूचं पाणी मारून क्ले बार हलक्या हाताने फिरवा. पिशवी सरकन सरकली की थांबा. क्ले जमिनीवर पडला, तर मोह न धरता टाकून द्या. त्याला लागलेली वाळू गाडीभर रेघा ओढेल.

७. पॉलिश करा, पण जपून. कोटिंगखाली जो ओरखडा राहील, तो कोटिंगसकट चमकत राहील. तरी दर पॉलिशबरोबर क्लिअर कोट थोडा झिजतो, आणि तो परत मिळत नाही. नवी गाडी असेल तर ही पायरी गाळा. जुनीला बारीक पॉलिशचा एक हात पुरे. रबिंगवाल्याने मशीन कडेवर दाबून धरलं, तर रंग उघडा पडायला वेळ लागत नाही.

८. तेलकटपणा पुसा. निम्मं पाणी, निम्मं आयसोप्रोपिल अल्कोहोल, असं मिश्रण फवारून स्वच्छ फडक्याने पुसून घ्या. पॉलिशचं तेल राहिलं, तर कोटिंग रंगाला धरणार नाही. यानंतर गाडीला उघडा हात लावू नका.

९. कोटिंग लावा. दारं-खिडक्या उघड्या असलेल्या जागेत, हातमोजे आणि मास्क घालून. ठोकळ्यावर कापड गुंडाळा, सात-आठ थेंब घ्या आणि एका वेळी दोन फूट लांब, दोन फूट रुंद एवढाच भाग धरा. आधी आडवे, मग उभे हात, चटईच्या विणीसारखे. थोड्या वेळाने थरावर पाण्यावरच्या तेलासारखा सप्तरंगी तवंग दिसू लागतो. तो दिसला की पुसायचं. बाटलीवर मिनिटं छापलेली असतात. आपल्याकडच्या हवेत त्यांच्यावर विसंबू नका, तवंगावर नजर ठेवा. पहिल्या फडक्याने थर सारखा करा, दुसऱ्या कोऱ्या फडक्याने अखेरचा हात द्या.

१०. बॅटरी तिरकी धरून बघा. कुठे गडद धब्बा दिसला, तर ताबडतोब पुसा. रात्रभर राहिला, तर तो पॉलिश केल्याशिवाय निघत नाही. वापरलेली फडकी सुकून काचेसारखी कडक होतात. ती धुऊन पुन्हा वापरू नका.

११. गाडी विसावू द्या. पहिले २४ तास पाण्याचा थेंब नको, दवाचाही. पुढचा आठवडाभर शाम्पू नको.

नंतरची निगा

कोटिंग केलेल्या गाडीचा या भागातला मोठा वैरी म्हणजे बोअरचं पाणी. थेंब गोल उभा राहतो, उन्हात सुकतो आणि आपल्या जागी क्षारांचं पांढरं कडं सोडून जातो. म्हणून शेवटची बादली नळाच्या गोड्या पाण्याची घ्या आणि गाडी सुकण्याआधी पुसा. कडी उमटलीच, तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन फडक्याने हलकं टिपा आणि लगेच धुवा.

उधाणाच्या दिवसांकडे लक्ष ठेवा. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास मोठी भरती असते आणि खाजणालगतच्या सखल रस्त्यांवर पाणी येतं. त्या पाण्यातून गाडी काढावी लागली, तर त्याच दिवशी तळ गोड्या पाण्याने धुवा. दुसऱ्या दिवशीवर ढकलू नका. एरवी आठवड्यातून एकदा वरून आणि महिन्यातून एकदा खालून धुणं पुरेसं आहे.

ओल्या गाडीवर कव्हर घालू नका. आत अडकलेली ओल आणि मीठ दोन्ही रात्रभर रंगाला लागून राहतात. वाऱ्याने कव्हर हललं, तर खालची धूळ कानसेसारखी फिरते.

हिशेब

गाडी उघड्यावर उभी राहते, पाच-सात वर्षं ठेवायची आहे आणि ती तुम्ही स्वतः धुता, तर कोटिंग करा. वेळ आणि हात असतील, तर दोन-चार हजारांच्या बाटलीत घरी होतं. स्टुडिओत करायचं असेल, तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: पॉलिश किती वेळा करणार, हमीत नेमकं काय येतं, आणि हमी टिकवायला दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पैसे भरून यावं लागेल का.

गाडी बंद गाळ्यात राहत असेल, वर्षभरात विकायची असेल किंवा रोज सकाळी कुणीतरी एकाच मळक्या फडक्याने दहा गाड्यांबरोबर तीही पुसून जात असेल, तर कोटिंगचे पैसे वाया जातील. तिला दर काही महिन्यांनी सीलंट किंवा साधं वॅक्स पुरेल.

आणि खिशात एकाच कामाचे पैसे असतील, तर ते तळाला लावा. मंदावलेला रंग पॉलिशने पुन्हा उजळतो. कुजलेला पत्रा कापूनच काढावा लागतो.